छातीच्या फोटोतला गोल डाग

मागच्या वर्षी माझ्या मामांच्या छातीच्या फोटोत, श्वासनलिकेच्या अगदी शेजारी, एक गोल डाग दिसला. ऊर्जानगरात खोकला म्हटला की आधी राखेवर संशय, मग टीबीवर. बेडक्यात जंतू सापडले नव्हते, तरी मामांना टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे नागपूरला सीटी स्कॅन झाला तेव्हा कळलं, ही ब्रॉन्कोजेनिक सिस्ट. म्हणजे मामांच्या जन्माआधीपासूनची! गर्भात चौथ्या ते सहाव्या आठवड्यात श्वासनलिकेला फांद्या फुटतात, त्यातली एखादी कळी सुटी पडते आणि तिची पिशवी होते. आतलं अस्तर चिकट द्रव सोडत राहतं, त्याला बाहेर जायला वाट नसते.

मामा म्हणाले, "दुखत नाही काही, मग कापायचं कशाला?" या प्रश्नापायी मी इतिहास वाचत बसलो.

1895 मध्ये राँटगेननी एक्स-रे शोधला, छातीतली सावली दिसू लागली. पण छाती उघडली की बाहेरची हवा शिरते आणि फुप्फुस मिटतं. 1904 मध्ये ब्रेस्लाऊला साउअरब्रुख यांनी यावर चक्क एक खोली बनवली. आत हवेचा दाब कमी, सर्जन आत, रुग्णाचं धडही आत, फक्त डोकं बाहेर! (आमच्या भाषेत, बगसाठी अख्खा सर्व्हरच बदलला.) पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबानं हवा द्यायला लागले आणि ती खोली मागे पडली. 1933 मध्ये सेंट लुईसला ग्रॅहॅम यांनी कॅन्सरचं अख्खं फुप्फुस काढलं, रुग्ण जगला. 1948 मध्ये हर्बर्ट मायर यांनी या सिस्टचे जागेनुसार प्रकार पाडले. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 मध्ये हृदयरोपणापर्यंत मजल मारली.

सीटी आला 1971 मध्ये, पण तोही फसतो. द्रव घट्ट असला तर गाठच वाटते, मग एमआरआय करतात.

आता मामांचा प्रश्न. सुईनं द्रव काढला तर अस्तर मागे राहतं, पिशवी परत भरू शकते. जंतुसंसर्ग झाला तर ती आजूबाजूला चिकटते आणि ऑपरेशन अवघड होतं. म्हणून बरेच सर्जन त्रास नसतानाही काढायला सांगतात, काही जण लहान सिस्टवर नुसती नजर ठेवतात. मला पहिलं पटलं, मामांना पटायला तीन महिने लागले.

1990 नंतर हे दुर्बिणीनं होऊ लागलं, मामांचंही तसंच झालं. पिशवीचा एक तुकडा श्वासनलिकेला चिकटला होता. तो सोडून त्यावरचं अस्तर तेवढं जाळलं. तपासणीत पिशवीच्या भिंतीत कूर्चा सापडली, श्वासनलिकेत असते तशीच. टीबीच्या उरलेल्या गोळ्या मामींनी अजून कपाटात ठेवल्यात.