झाशीच्या परेड मैदानावरचे विमान

झाशी म्हटले की वर्गातल्या मुलांना घोड्यावरची राणी दिसते. मी तिथे एक विमानही उतरवतो. कारण इतिहासाच्या तासाला काळ-काम-वेगाचे गणित घालायची मला खोड आहे.

मे १९३०. अॅमी जॉन्सन, वय २६, लंडनमध्ये वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. जुने जिप्सी मॉथ विमान घेऊन ती एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. सहाव्या दिवशी, १० मे रोजी कराची गाठली. (त्याच आठवड्यात आगा खानांनी ठेवलेल्या ५०० पौंडांच्या बक्षिसासाठी सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअरही इंग्लंडहून कराचीला पोहोचला. वाटेत इजिप्तमध्ये अडकला होता, स्पर्धेतल्याच जे. आर. डी. टाटांनी त्याला स्वतःजवळचे प्लग दिले, आणि बक्षीस अस्पीला मिळाले!)

अॅमीचा पुढचा मुक्काम अलाहाबाद, सुमारे १५०० किलोमीटर. मॉथचा वेग ताशी १३० धरा, म्हणजे साडेअकरा तास. आता समोरून ताशी ३० चा वारा सोडा. तेच अंतर, पण पंधरा तास! वारा उलटा म्हणून इंजिन पेट्रोल कमी पीत नाही. नकाशावर किलोमीटर असतात, टाकीत मात्र तास असतात, हे मुलांच्या इथे लक्षात येते.

या विमानाची मुख्य टाकी वरच्या पंखात असे; तिथून पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनात उतरे. लांबच्या प्रवासासाठी बसवलेल्या जादा टाक्यांतले पेट्रोल अॅमीला उडता उडता हातपंपाने वर चढवावे लागे. त्याच्या वासाने तिला मळमळायचे.

वाऱ्याने पेट्रोल खाल्ले. अलाहाबाद अजून सव्वातीनशे किलोमीटर लांब. ती झाशीला लष्कराच्या परेड मैदानावर उतरली. विमान घरंगळत बराकींमध्ये शिरले, पंख दुखावला. तो तिथल्या सुताराने दुरुस्त केला. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा सुतार.

पण उतरताना इंजिन चालू होते, म्हणून जागा निवडता आली. "अजून थोडे पुढे जाऊ" म्हटले असते तर जागा पेट्रोलने निवडली असती. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली.

५ जानेवारी १९४१. युद्धकाळात लष्करी विमाने पोहोचवण्याचे काम अॅमी करत होती. ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळचा तासाभराचा प्रवास; खाली सगळे ढग. साडेतीन तासांनी ती वाटेपासून फार दूर, टेम्सच्या मुखाशी, पॅराशूटने पाण्यात उतरली. पेट्रोल संपले असावे, असा कयास आहे. मृतदेह सापडला नाही.