शोमरोनी स्त्री आणि पंडिता रमाबाई

ख्रिस्ती धर्माने स्त्रीला कोणते स्थान दिले, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ख्रिस्ताच्या ठायी पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही, असे पौल गलतीकरांना कळवितो. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात स्त्रियांनी मंडळीत मौन पाळावे, असा आदेशही त्याच्याच नावावर आहे. या दोन वचनांमधील अंतर एका मराठी विदुषीने स्वतःच्या आयुष्यात अनुभविले. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांना संस्कृत शिकविले ते आईने, आणि त्या माउलीला शिकविले ते पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा रोष पत्करून. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. परंतु दोनच वर्षांत वैधव्य आले. १८८२ साली त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत, असे निर्भयपणे सांगितले. पुढच्याच वर्षी, वैद्यक शिकण्याच्या हेतूने, त्या इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेजच्या भगिनीसंघाने त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले आश्रयस्थान दाखविले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा चाले. असे का, असे रमाबाईंनी विचारताच एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर पाण्याला आलेली शोमरोनी स्त्री परकी आणि लौकिकदृष्ट्या कलंकित. तिच्याशी येशू बोलतो आणि खऱ्या उपासनेचे मर्म तिलाच उलगडून सांगतो. तो एका स्त्रीशी बोलत आहे, हे पाहून शिष्यही चकित होतात. या कथेने रमाबाईंच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मायदेशी खळबळ उडाली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. परंतु खरी कसोटी इंग्लंडातच होती. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा बेत सोडावा लागला आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना निघताच हिंदुस्थानातील इंग्रज बिशपांनी आक्षेप घेतला: यामुळे स्वदेशी त्यांचा प्रभाव नष्ट होईल! रमाबाईंचे उत्तर सडेतोड होते. आईने तरुणांना शिकविण्यास वडिलांची हरकत नव्हती, रमाबाईंनी शिकविण्यास पतीची नव्हती. मग ती परक्यांनी का घ्यावी? भटशाहीचे जोखड प्रयासाने झुगारल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्यास त्यांची तयारी नव्हती. ख्रिस्त त्यांनी स्वीकारला. धर्माधिकाऱ्यांची सत्ता स्वीकारली नाही. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि या वादाचे तपशील सर्वांसमोर आले.

स्वदेशी परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास गेले. तेथील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. त्याच वर्षी धर्मांतराच्या आरोपावरून रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार संस्थेपासून दूर झाले. तरी काम थांबले नाही. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात आल्या आणि तेथे लिहिणे-वाचणे, शेती, विणकाम व छपाई शिकल्या. हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणण्याचे काम रमाबाई १९२२ साली मृत्यू येईपर्यंत करीत होत्या. ज्या ग्रंथाच्या आधारे स्त्रीला मौन सांगितले जाई, त्याचा अर्थ एक स्त्रीच मुळातून लावीत होती.

स्वधर्मीयांना त्या सनातनद्रोही वाटल्या, नव्या धर्मबांधवांना हट्टी. वस्तुतः दोघांनाही त्यांनी एकच माप लावले. विहिरीवरील त्या स्त्रीला मिळालेली प्रतिष्ठा प्रत्येक स्त्रीला देणे, हीच त्यांच्या लेखी धर्माची खूण होती. आणि ते माप बिशपांनाही चुकले नाही.