दिवसा राम, रात्री कृष्ण

दशावतारी गंजिफाचा डाव दुपारी मांडला, तर रामाचा राजा ज्याच्या हातात आला असेल तो पहिली उतारी करतो. तोच डाव दिवेलागणीनंतर मांडला, तर पहिला मान कृष्णाच्या राजाचा. पत्ते तेच, माणसं तीच. फक्त बाहेर सूर्य आहे की नाही, एवढ्यावर सुरुवात कोण करणार हे ठरतं.

आपल्यातले अनेकजण मोबाइलवर कार्ड गेम खेळतात. त्यात 'हे कार्ड कधी चालतं' यावरूनच निम्मी भांडणं होतात. १९९३ साली आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळात एखादा प्राणी तुम्ही नुकताच मैदानात उतरवला असेल, तर त्याच वळीत तो हल्ला करू शकत नाही. ज्या ताकदीसाठी पान आडवं करावं लागतं, म्हणजे 'टॅप' करावं लागतं, तीही वापरता येत नाही. तुमची पुढची वळी सुरू होईपर्यंत त्याला थांबावं लागतं. मात्र ज्या ताकदीला टॅप लागत नाही, ती लगेच वापरता येते. हे सगळं एका जाडजूड नियमावलीत कलम-उपकलमांसह लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या एका गणितज्ञाने बनवलेला हा खेळ पाहून वाटतं, की पत्त्याला 'वेळ' देण्याची कल्पना अगदी आधुनिक असणार. तसं नाही. आपल्याकडे ती काही शतकं जुनी आहे.

गंजिफा हा शब्द आणि खेळ पर्शियाच्या बाजूने आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या पत्त्यांचं वर्णन अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त केलं आहे. मुघल गंजिफात ८ रंग आणि ९६ पानं. त्यातला 'सुर्ख' म्हणजे सोन्याचं नाणं आणि 'सफेद' म्हणजे चांदीचं. दिवसा सुर्खच्या राजाने सुरुवात करायची, रात्री सफेदच्या. सोनं म्हणजे सूर्य, चांदी म्हणजे चंद्र.

हा खेळ इथे रुजला तेव्हा नाणी आणि तलवारींच्या जागी विष्णूचे अवतार आले. मत्स्य, कूर्म, वराहापासून कल्कीपर्यंत १० रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पानं, एकूण १२०. तिघांत वाटली की प्रत्येकी बरोबर ४०. आता प्रश्न असा, की सूर्य-चंद्राचा नियम कुणाकडे द्यायचा? ज्यांनी कुणी हे ठरवलं त्यांचं डोकं मला फार आवडतं. राम सूर्यवंशी, म्हणून दिवस त्याचा. कृष्ण चंद्रवंशातला, शिवाय जन्म मध्यरात्रीचा, म्हणून रात्र त्याची. यामागे हाच विचार होता असा माझा तर्क आहे, पण जुळणी इतकी चोख आहे की योगायोग वाटत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर नियम नव्या सिस्टिमवर पोर्ट केला आणि एकही गोष्ट तुटू दिली नाही.

वेळेचा दुसरा नियम याहून सूक्ष्म आहे. गंजिफात तुरूप नाही. उतारी ज्या रंगाची, त्यातलं मोठं पान जिंकतं. त्यातही अर्ध्या रंगांत प्रधानानंतर दहा मोठा आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. एखाद्या रंगात हातात नसलेलं प्रत्येक वरचं पान पडून गेलं, की तुमच्याकडचं पान 'हुकूम' होतं. म्हणजे सकाळी कवडीमोल असलेलं पान तासाभराने राजासारखं वागू शकतं. त्याच्यावर तसं काही छापलेलं नसतं. ते 'जागं' झालं आहे हे फक्त डोक्यात हिशोब ठेवणाऱ्याला कळतं. १२० पानांपैकी काय गेलं आणि काय उरलं, हे लक्षात ठेवणं हाच खरा खेळ.

मी पंढरपूरचा, त्यामुळे हा नियम वाचताना आमचं गाव आठवणं साहजिक होतं. जुन्या मराठी पंचांगांत आणि काही मंदिरांच्या शिल्पांत नववा अवतार म्हणून विठ्ठल दिसतो. ओडिशात त्याच जागी जगन्नाथ येतो. विठ्ठलाचा रोजचा दिवसही वेळेने बांधलेला आहे: पहाटे काकडा, रात्री शेजारती. पण आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद, दर्शन चोवीस तास. प्रक्षाळपूजा होईपर्यंत देव झोपत नाही. गंमत म्हणजे आषाढी एकादशीचं दुसरं नाव देवशयनी. शास्त्राप्रमाणे विष्णू त्या दिवशी चार महिन्यांसाठी झोपतो आणि नेमका तेव्हाच पंढरपुरातला विष्णू जागा असतो. चालत आलेला वारकरी कळसाला हात जोडून परत जाऊ नये म्हणून नियम वाकवलेला आहे. वेळेचे नियम देवापेक्षा माणसांच्या सोयीने चालतात, हे आमच्या गावाला कुणी शिकवावं लागत नाही.

२०२१ साली 'मॅजिक'मध्ये दिवस-रात्रीचा नियम आला. मात्र तिथला सूर्य टेबलावरच उगवतो. दिवस असताना एखाद्याने आपल्या वळीत एकही मंत्र टाकला नाही, तर पुढच्या वळीला रात्र होते. रात्री कुणी आपल्या वळीत दोन किंवा जास्त मंत्र टाकले, की पुन्हा दिवस. हे व्हायलाच हवं होतं. एक खेळाडू पुण्यात आणि दुसरा टोकियोत असेल तर खिडकीबाहेरचा सूर्य काय कामाचा? गंजिफाचा नियम एका अटीवर चालतो: खेळणारे एकाच छपराखाली, एकाच उजेडात बसलेले हवेत.

ती बैठकच मोडली. कागद किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, हाताने रंगवून, लाखेची झिलई दिलेली गोल पानं महाग पडत. छापील ५२ पत्ते स्वस्त होते आणि शिकायला सोपे. १९७०च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या कारागिरीला राजवाड्यात जागा दिली, म्हणून ती कला वाचली. हे ऋण मोठं आहे.

पण वाचले ते पत्ते. खेळ अजून वाचलेला नाही. आज दशावतारी संच भेट म्हणून दिला जातो, भिंतीवर फ्रेममध्ये लावला जातो. फ्रेममधल्या रामाच्या राजाला दिवस काय आणि रात्र काय? कारागिरी पैशाने टिकते, गिऱ्हाईक मिळालं की हात चालतो. नियम मात्र खेळूनच टिकतात, आणि कोणतं पान कधी हुकूम होतं हे शिकवायला समोर बसून खेळणारा माणूस लागतो.

त्यामुळे तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा गंजिफा खेळलेले असतील, तर फोनचा रेकॉर्डर सुरू करा आणि त्यांच्याकडून दोन डाव शिकून घ्या. एक दिवसा आणि एक रात्री.