चहाचा मळा

वाटूरच्या शेतकऱ्यास 'मळा' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. विहीर, तिच्यावर एके काळीं मोट व आतां पंप, आणि त्या पाण्यावर पोसलेला भाजीपाला, असें चित्र त्याच्यापुढें आपोआप उभें राहतें. जालना जिल्ह्यांतील या काळ्या जमिनींत कापूस पिकतो. चहा पिकत नाहीं. चहास आम्लधर्मी माती, भरपूर पाऊस आणि पाण्याचा निचरा होईल असा उतार लागतो. म्हणूनच सुटी मिळाली म्हणजे आमच्याकडील कुटुंबें दार्जिलिंगला, आसामांत किंवा मुन्नारला मुद्दाम चहाचे मळे पाहावयास जातात. स्वच्छ ऊन पडलें असतां तो हिरवा विस्तार मनास प्रसन्न करतो, यांत शंका नाहीं. परंतु त्या स्थळास आपण 'मळा' हें घरगुती नांव देतों, तें त्याच्या इतिहासास कितपत शोभतें, हें पाहणें अगत्याचें आहे.

चहाचें झाड मोकळें सोडल्यास चांगलें उंच वाढतें. तें कमरेइतकें राहतें, तें वारंवार छाटल्यामुळें. कारण दोन पानें व एक कळी खुडणाऱ्या हातास तें पोंचलें पाहिजे. तेव्हां ज्या शोभेस आपण निसर्गाची शोभा समजतों, तिचें माप मजुराच्या हाताचें आहे.

आसामांत सिंगफो लोक चहा वापरतात, हें रॉबर्ट ब्रूस यास १८२३ सालीं कळलें. १८३९ सालीं आसाम कंपनी स्थापन झाली. त्या कंपनीचे दिवाण मणिराम यांनीं पुढें नोकरी सोडून स्वतःचे मळे घातले. चहाच्या धंद्यांत उतरलेले ते पहिले हिंदी मालक. १८५७ च्या उठावांतील सहभागाबद्दल त्यांस १८५८ सालीं जोरहाट येथें फांशी देण्यांत आलें.

पुढें मळे वाढले व मजूर अपुरे पडूं लागले. तेव्हां छोटा नागपुरांतून व इतर दरिद्री मुलखांतून 'अरकाटी' नांवाचे दलाल माणसें आणूं लागले. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत सुमारें ८५ हजार मजूर आसामांत नेण्यांत आले. त्यांपैकीं ३० हजारांहून अधिक मरण पावले किंवा पळून गेले. १८६५ च्या कायद्यानें पुरुषास महिना ५ रुपये व स्त्रीस ४ रुपये वेतन ठरविलें. पण त्याच कायद्यानें पळालेल्या मजुरास वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार मालकास दिला. हा अधिकार १९०८ पर्यंत टिकला. एका हातानें पगार व दुसऱ्या हातानें बेडी, असा हा न्याय होता.

मराठवाड्यांतील वाचकास ही गोष्ट परकी वाटूं नये. ऊंसतोडीस जाणारें कुटुंब मुकादमाकडून 'उचल' घेतें, आणि ती फिटेपर्यंत त्याचे पाय कारखान्याच्या वाटेस बांधलेले राहतात. दक्षिणेंतील मळ्यांवर 'कंगाणी' हाही असाच आगाऊ पैसे देऊन माणसें आणीत असे. मुलूख निराळा, पीक निराळें. परंतु कर्जानें माणूस बांधण्याची युक्ति एकच.

हे मजूर मुकाट्यानें सोसतच राहिले, असें मात्र नाहीं. १९२१ च्या मे महिन्यांत सुरमा खोऱ्यांतील चरगोला येथील हजारों मजूर गांधीजींच्या नांवाचा जयघोष करीत मळे सोडून गांवाकडे निघाले. चांदपूरच्या स्टेशनावर गुरखा शिपायांनीं त्यांच्यावर हल्ला केला, आणि पाठोपाठ पटकीनें अनेकांस गांठलें. स्वातंत्र्यानंतर, १९५१ सालीं, मळेमजुरांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. राहण्यास घर, दवाखाना व पाळणाघर यांची जबाबदारी त्यानें मालकांवर टाकली. तरीही २०१५ सालीं मुन्नारच्या पानें खुडणाऱ्या स्त्रियांस बोनसासाठीं रस्त्यावर यावें लागलें, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मळा ज्याचा, त्याच्या घामाचा त्यावर कांहीं हक्क असतो, अशी आपली समजूत आहे. चहाच्या मळ्यांत घाम एकाचा व मालकी दुसऱ्याची, असा व्यवहार दीडशें वर्षांहून अधिक काळ चालत आला. म्हणून तेथें अवश्य जावें, उन्हांतील तो हिरवा रंग डोळे भरून पाहावा. परंतु उताराखालीं मजुरांच्या घरांची जी लांबट रांग दिसते, तिच्याकडेही दृष्टि वळवावी. ती पाहिल्यावांचून मळा पाहिला असें म्हणतां येणार नाहीं.