बाभळीच्या कांट्याची प्रयोगशाळा

ऑक्सिजनचे गुणधर्म आपल्यापैकीं बहुतेकांनीं शाळेंत घडाघडा म्हणून दाखविले असतील. परंतु तो वायु स्वतः तयार करून, विझत आलेली काडी त्यांत पुन्हां पेट घेतांना किती जणांनीं पाहिली? विज्ञान हा आपल्याकडे पुष्कळ काळ पाठांतराचाच विषय राहिला. मध्य प्रदेशांतील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यांत, ही रीत मोडण्याचा उद्योग तीस वर्षें चालला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

किशोर भारती ही संस्था आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर यांनीं १९७२ सालीं, शासनाच्या संमतीनें, १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं त्याचा आरंभ केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील व दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञ खेड्यांतील शिक्षकांच्या शेजारीं बसून प्रयोग करूं लागले. १९७८ सालीं सारा जिल्हा या योजनेंत आला. १९८२ सालीं ‘एकलव्य’ संस्था निघाली व तिनें हें काम पुढें चालविलें.

‘बाल वैज्ञानिक’ हें त्यांचें पाठ्यपुस्तक. त्यांत प्रयोगाची कृति असे आणि मागोमाग प्रश्न. उत्तर मात्र चार-चार मुलांच्या गटानें करून, पाहून, भांडून आपल्या वहींत लिहावयाचें. परीक्षेंतही पुस्तक व वही उघडी ठेवण्याची मुभा होती. फूल उकलून पाहण्यास लागणारी पोलादी सुई शहरांतून यावयाची आणि हरवली कीं धडा अडावयाचा. तिच्या जागीं बाभळीचा कांटा आला. कुंपणालाच प्रयोगशाळा उभी!

खरी कसोटी होती ती गुरुजींची. एकाच बाकाची लांबी चार गटांनीं मोजली तर चार आंकडे येतात. खरा कोणता? येथें उत्तर सांगून मोकळें होण्याचा मोह आवरून, ‘मलाही ठाऊक नाहीं, पुन्हां मोजून पाहूं’ असें म्हणणें किती कठीण, तें ज्यानें शिकविलें आहे तोच जाणेल. मुलांना आपले प्रश्न ‘सवालीराम’ नांवाच्या एका काल्पनिक गृहस्थाला पत्रानें विचारतां येत. अशा पत्रांना उत्तरें देण्याचें काम विद्वानांनाही सोपें गेलें नसावें.

याच सुमारास, १९७८ मध्यें, पुण्याच्या टेल्को कारखान्यांतील एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, रजा घेऊन तेथें गेला. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटींतील काड्या एवढ्या भांडवलावर त्यानें भूमिति उभी केली. नळीच्या तुकड्यांनीं तीन काड्या जोडल्या कीं त्रिकोण होतो. कितीही दाबा, त्याचा आकार बदलत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लागतांच कलतो. तीन बाजूंची लांबी ठरली कीं कोनही ठरतात. चार बाजूंचें तसें नाहीं. मग कर्णावर एक आडवी काडी बसवा, चौकोन ताठ उभा राहतो. घराच्या आढ्याखालच्या कैच्या आणि लोखंडी पूल यांचें मर्म मुलाच्या बोटांना अशा रीतीनें आधीं कळतें, शब्दांना मागाहून.

आक्षेप होतेच. माहिती कमी पडते, पुढील परीक्षांत मुलें मागें पडतील, असें म्हणणारे पुष्कळ होते. हें मी हंसण्यावारी नेणार नाहीं. ज्या बापाची सारी आशा मुलाच्या गुणपत्रिकेवर टांगलेली, त्याला बाभळीच्या कांट्याचें कौतुक कितीसें असणार? पण २००२ सालीं, सुमारें एक हजार शाळांत पसरलेली ही योजना राज्यशासनानें एका हुकुमानें बंद केली, तें मात्र मला पटत नाहीं. ज्या वर्गांत प्रत्येक निष्कर्ष पुन्हां तपासून पाहण्याची शिस्त होती, त्याच वर्गांबद्दलचा हा निष्कर्ष तितक्याच कसोशीनें तपासला गेला असता तर!

बीज मात्र आपल्याकडे आलें. अरविंद गुप्ता यांनीं २००३ पासून २०१४ पर्यंत पुण्यांत, ‘आयुका’च्या मुलांसाठींच्या विज्ञानकेंद्रांत, टाकाऊ वस्तूंतून शेंकडों खेळणीं घडविलीं. काड्यांचा त्रिकोण आपल्या घरींही होईल. रबरी नळी न मिळाल्यास सांध्याला घट्ट कणकेची गोळी चालते. फक्त काड्यांचें गूल वडील माणसानें आधीं खरवडून टाकावें.