पोथीतली रुक्मिणी

'तुमच्या त्या जुन्या चित्रांवर लिहा' असं सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलं, तेव्हा आधी एक कबुली द्यावी लागणार हे लक्षात आलं. माझ्या संग्रहातलं पहिलं चित्र चोरीचं आहे.

अकोल्याच्या आमच्या घरी आजीची 'हरिविजया'ची पोथी होती. श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ १७०२ साली पूर्ण केला. आजीची प्रत अर्थात छापील. लांबट सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, लाल कापडाचं बासन. चातुर्मासात ती रोज वाचायची. मधूनमधून काळ्या रेघांची चित्रं असत. सहावीत असताना मी त्यातलं रुक्मिणीहरण ब्लेडनं कापून चित्रवहीत चिकटवलं. आजीला कळलं असणार, पण ती बोलली नाही. ती गेल्यावर घरच्यांनी पोथी मोर्णेत सोडली. "वाचणारं कोणी नाही, ठेवून काय करता?" उरलं ते फक्त मी कापलेलं चित्र.

नोकरीला लागल्यावर रद्दीच्या दुकानांत अशी पानं शोधू लागलो. एक दुकानदार म्हणाला, "पोथी हाय म्हणून लोकं फाडत नाही, आन् ठेवत बी नाही. मंग येते माह्याकडे."

आपल्याकडे छापील धर्मग्रंथाची सुरुवात तशी चित्राच्याच पद्धतीनं झाली. नाना फडणवीसांच्या काळात पुण्याच्या तांबटाकडून गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेण्याची खटपट झाली. ती पुढं १८०५ साली मिरजेत छापली गेली. मग मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढलं. चरबीच्या शाईचं पंचांग सोवळ्यातली माणसं हाती धरणार नाहीत, म्हणून त्यांनी शाईत तूप घातलं अशी हकीकत आहे. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं काढायचं आणि दगड ओला करायचा. पाणी धरलेल्या जागी शाई बसत नाही. अक्षर आणि चित्र एकाच दगडावर! लाकडी ठशाचं चित्र निराळं. पान उलटून अंगठा फिरवला की जुन्या जाड कागदावर रेघ कधीकधी हाताला लागते. शिळाछापाचं पान पाठीमागून सपाट. ही ओळख पटायला मला चार-पाच वर्षं लागली, आणि अजूनही फसतो.

१८६७ साली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. इथला कापूस मुंबईला जाऊ लागला आणि तिकडची छापील पुस्तकं इकडं येणं सोपं झालं. पुढं १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली, १८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना. रंगीत देव भिंतीवर चौकटीत गेले, म्हणून पुष्कळसे वाचले. काळ्या रेघांचे देव पोथीतच राहिले आणि पोथीबरोबर बुडाले.

आता माझी रुक्मिणी. नऊवारी, नाकात नथ. मागच्या शिपायांना मराठेशाही पागोटी. कौंडिण्यपूर आपल्याच जिल्ह्यात, वर्धेच्या काठी. आणि कृष्णानं तिला नेलं ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी, असं इथं परंपरेनं मानतात. चित्रकारानं अमरावती पाहिलेली नसावी, कारण देवळामागं त्यानं चक्क नारळाची झाडं काढलीत!

युरोपात ओव्हिड या रोमन कवीच्या पुराणकथांवर अशीच चित्रं निघाली. टेम्पेस्टा या चित्रकाराची १५० चित्रं १६०६ साली अँटवर्पला प्रसिद्ध झाली. तिथल्या कथांतही पाताळाचा देव प्लूटो प्रोसर्पिनाला रथात घालून नेतो. पण ती बिचारी ओरडत असते. आपल्या लेकीनं स्वतः पत्र पाठवून रथ बोलावला होता, हा फरक मला वऱ्हाडी म्हणून सांगावासा वाटतो.

तिकडं जुनी पुस्तकं फोडून एकेक चित्र विकण्याचा धंदाच आहे. इथंही एकानं अख्ख्या पोथीतली चित्रं "काढून देतो, बाकीचं राहू द्या" म्हटलं होतं. मला ब्लेड आठवलं. पोथी पूर्ण घेतली, खिसा रिकामा झाला, घरी दोन दिवस अबोला. तेव्हापासून कापलेलं पान घेत नाही.

मागच्या वर्षी आपल्याच सोसायटीत वॉचमनच्या खोलीजवळ विसर्जनासाठी ठेवलेलं एक बासन दिसलं. आत 'पांडवप्रताप', अकरा चित्रं. सुरुवातीची आणि शेवटची पानं गेल्यानं छापखाना कळत नाही. ज्यांचं होतं त्या काकूंना मागितलं. त्या म्हणाल्या, "नुसतं चित्रं पाहायला देणार नाही. श्रावणात वाचायची." कबूल केलं. मी ओव्या अडखळत वाचतो, त्या समोर बसून चुका काढतात. या श्रावणात सातवा अध्याय झाला. ऐकायला आणि चित्रं पाहायला कोणीही या, फक्त चहाचा कप लांब ठेवा.