स्पूल चढविण्यापूर्वी

आमच्या संग्रही एका घरगुती मैफलीची ध्वनिफीत आहे. तिची दुसरी प्रत कोठेही नाही. काही वर्षांपूर्वी माळ्यावरचे जुने स्पूल-यंत्र खाली उतरवून आम्ही ती उत्साहाने त्यावर चढविली. ऐकून झाल्यावर फीत उलट गुंडाळण्यास सुरुवात केली आणि लगेच थांबविण्याची कळ दाबली. एका चकतीचा ब्रेक घट्ट बसला, दुसरीचा झिजलेला असल्याने ती ओढतच राहिली. फीत पॉलिएस्टरची होती. तशी फीत सहसा तुटत नाही, लांबते. आणि लांबलेली फीत पूर्ववत होत नाही. त्याआधीच्या काळातील अॅसिटेटची फीत असती तर सरळ तुटली असती व जोडता आली असती.

हा दोष फितीचा नव्हे, यंत्राचा, आणि त्याहून अधिक आमच्या घाईचा होता. या यंत्राचा इतिहास जाणला म्हणजे त्याचे बिघाडही उलगडतात, असे आम्हांस तेव्हापासून वाटत आले आहे.

चुंबकीय भुकटी लावलेल्या कागदी फितीची कल्पना जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ साली मांडली. तिच्या आधारे एईजी कंपनीने घडविलेले मॅग्नेटोफोन यंत्र १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांपुढे आले. फीत पुढे नेण्यास एक व दोन चकत्यांसाठी दोन, अशा तीन मोटारींची रचना पुढे उत्तम यंत्रांची खूण ठरली. फितीवरील ताण आणि ब्रेक यांचा तोल हा या रचनेचा प्राण होय. थांबताना फीत देणाऱ्या चकतीचा ब्रेक घेणाऱ्या चकतीपेक्षा अधिक घट्ट लागावा, पण अडकू नये. हा तोल ढळला की फीत सैल पडून गुंतते, नाहीतर ताणली जाते.

१९३६ साली थॉमस बीचम यांच्या लंडन फिलहार्मोनिकचे वादन या यंत्रावर मुद्रित झाले. परंतु खरखर पुष्कळ होती. ती दूर झाली १९४० साली, तीही एका बिघाडामुळे, असे सांगतात. वॉल्टर वेबर यांच्या प्रयोगात एक अॅम्प्लिफायर दोषामुळे स्वतःच कंप पावू लागला आणि मुद्रण विलक्षण स्वच्छ झाले. कानास ऐकू न येणारी ती उच्च कंपने नंतर प्रत्येक यंत्रात मुद्दाम सोडली जाऊ लागली. म्हणून मुद्रण फाटके येत असेल व जुना आवाज पुसला जात नसेल, तर प्रथम त्या कंपनांच्या मंडलाकडे पाहावे.

युद्धानंतर जॅक मुलिन यांनी ही यंत्रे अमेरिकेत नेली. १९४८ साली अॅम्पेक्सचे यंत्र बाजारात आले. १९६७ च्या रेव्हॉक्स ए-७७ सारख्या यंत्रांनी पुढे हा दर्जा घरापर्यंत आणला. आज अशा यंत्रांत बहुधा वयाचेच दोष आढळतात. फिरत्या दांड्यावर फीत दाबणारे रबरी चाक कडक किंवा गुळगुळीत झाले की स्वर डळमळतो. हेडवर मळ साचला की तार स्वर मंद होतात. कपॅसिटर निकामी झाले की घुरघुर येते, मोटार अडखळते, क्वचित धूरही निघतो.

फितीचाही एक दोष सांगितला पाहिजे. १९७०-८० च्या दशकांतील काही फितींचा चिकटा ओलावा शोषून विरघळतो. फीत किंचाळते आणि हेडवर तपकिरी थर सोडते. गोव्यासारख्या दमट हवेत विशेष जपावे. सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवल्याने अशी फीत तात्पुरती वाजण्याजोगी होते. पण हे काम जाणकारानेच करावे, आणि अॅसिटेटची फीत कधीही तापवू नये.

आमचा क्रम आता ठरलेला आहे. जाणकाराकडून कपॅसिटर तपासल्याशिवाय विजेची जोडणी नाही. नंतर यंत्र रिकामे चालवावे, मग निरुपयोगी फितीवर ब्रेक, ताण व वेग पाहावा, आणि शेवटी अमोल फीत चढवून त्याच फेरीत तिची डिजिटल प्रत करून घ्यावी.

आमच्या त्या फितीचीही प्रत आता झाली आहे. भैरवीच्या अखेरीस मात्र स्वर क्षणभर खाली घसरतो. गायकाकडून तसे घडले नव्हते, हे नव्या श्रोत्यास आम्हांला प्रत्येक वेळी सांगावे लागते.